मुलाचा पाळलेला अजगर अंगावर येतो, काय करू?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही मूळचे कराडचे, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. वर्षभर हट्ट केल्यावर त्याच्या बाबांनी तीन महिन्यांपूर्वी रॉयल पायथनचं पिल्लू आणून दिलं. सारखं वेटोळं करून बसतं म्हणून मुलाने नाव ठेवलं ‘चकली’. दुकानदार म्हणाला होता, याच्याइतका गरीब साप दुसरा नाही. पहिला महिना खरंच कुणीही हातात घेतली तरी नुसती गोळा होऊन बसायची. आता काचेपाशी गेलं तरी फुत्कारते, मान वाकडी करून अंगावर येते. मागच्या आठवड्यात ह्यांनी वरून धरून बाहेर काढली तर मनगटाला चावली. पाच आठवडे काही खाल्लेलं नाही. पेटी काचेची आहे, बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी. आत अर्ध्या ओंडक्याचा एक बोगदा, पाण्याचं भांडं आणि खाली हीट मॅट. ह्यांचं म्हणणं, रोज अर्धा तास धरून ठेवायची, फुत्कारली तरी सोडायची नाही, आपोआप सरळ होईल. त्यासाठी जाड हातमोजेही आणलेत. मुलगा आता पेटीजवळ जायला घाबरतो आणि रात्री रडतो. सासूबाई जूनमध्ये यायच्या आहेत. त्या फोनवर सांगतात, सापाने डूख धरलाय, बागेत नेऊन सोडून द्या. चकली तापट निघाली का? चावल्याने काही होईल का? ठेवू की देऊन टाकू?
– एक आई, लेस्टर

उत्तर:

ताई, एक काम आज संध्याकाळीच करा. ते हातमोजे कपाटात ठेवून द्या आणि चकलीला बाहेर काढणं पूर्ण थांबवा. कुणीच काढायची नाही. किती दिवस, ते पुढे सांगते.

चावण्याची भीती आधी मिटवू. रॉयल पायथन बिनविषारी आहे. दात असतात ते सुईसारखे बारीक आणि मागे वळलेले, धरलेला उंदीर निसटू नये म्हणून. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, विचारा. आत काही टोचत राहिलं किंवा लाली-सूज वाढत गेली तर दाखवून या. कधीकधी दाताचा तुकडा आत राहतो. पुन्हा कधी चावून धरून ठेवलं तर हिसका देऊन ओढू नका, त्याने आपली कातडी फाटते आणि तिचे दात तुटतात. हात स्थिर ठेवायचा, तिच्या तोंडावर गार पाणी सोडायचं. सहसा तेवढ्याने सोडते.

आता तुमचा खरा प्रश्न. चकली तापट नाही, घाबरलेली आहे. आणि ती आज घाबरलेली नाही, तुमच्या घरी आल्या दिवसापासून घाबरलेली आहे. पहिल्या महिन्यात ती हातात गोळा होऊन बसायची ती लाडाने नव्हे. डोकं मधोमध खुपसून, अंगाचं घट्ट वेटोळं करून बसणं हाच या जातीचा मूळ बचाव आहे. अमेरिकेत तिला ‘बॉल पायथन’ म्हणतात ते यावरूनच. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यात, घाना, टोगो, बेनिन या देशांत, हे अजगर दिवसाचा वेळ उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत काढतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. पूर्ण वाढ झाली तरी बहुतेक तीन-चार, फार तर पाच फुटांचे. वरून पक्षी झडप घालतो, खालून घोरपडीच्या जातीचा प्राणी येतो, आणि अशा वेळी डोकं वाचलं तर जीव वाचतो. म्हणून वेटोळं.

हा साप ‘गरीब’ म्हणून खपतो त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. त्याची भीती दिसत नाही. कुत्रा घाबरला तर अंग चोरतो, मांजर पाठ फुगवते, ते माणसाला कळतं. अजगर घाबरून निपचित पडतो आणि पाहणारे म्हणतात, बघा किती शांत. विकणारे हेच वाक्य वर्षानुवर्षं सांगत आलेत आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यामुळे मुलं घाबरलेलं जनावर हातात घेऊन खेळत राहतात आणि त्यांना ते कळूही शकत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वेटोळं करून सुटका झाली नाही, रोज कुणीतरी उचलत राहिलं, तर साप पुढचा उपाय काढतो. चकलीने तो काढलाय. हे उपाय साधारण ठरावीक क्रमाने येतात आणि तो क्रम तुमच्या मुलाने शिकून घ्यावा असं मला फार वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आधी साप थिजतो. जीभ आत-बाहेर होत होती ती थांबते. स्वस्थ आणि उत्सुक साप जीभ सावकाश, लांबवर काढत राहतो, तो वासाने तुम्हाला ओळखू पाहत असतो. जीभ बंद आणि अंग ताठ म्हणजे त्याला काहीतरी खटकलंय. मग श्वास वाढतो, बरगड्या भरभर वर-खाली होताना दिसतात. हात डोक्याजवळ गेला तर डोकं झटकन बाजूला घेतो. मग मान मागे ओढून इंग्रजी एस अक्षरासारखा बाक घेतो. झेप घ्यायची तर स्नायूंना जागा लागते, ती तो करून ठेवत असतो. मग फुत्कार. मग बऱ्याचदा एक खोटी झेप, तोंड मिटलेलंच, नुसता धक्का. आणि हे सगळं वाया गेलं तर खरा चावा, तोही बहुधा झटकन चावून लगेच सोडणारा. त्या चाव्याला आपली पापणी मिटायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. एकदा तो निघाला की हात मागे घेऊ म्हणाल तर जमणार नाही. तुम्हाला जे काही करायचं ते आधीच्या पायऱ्यांवर करायचं.

भुकेने घेतलेली झेप वेगळी दिसते, तीही सांगून ठेवते. फुत्कार नाही, जीभ भराभर, नजर हातावर खिळलेली, आणि झेप घेतली की धरून लगेच विळखा. या अजगरांच्या ओठांवर खाचा असतात, त्यांनी त्यांना ऊब कळते. उंदराचा वास लागलेला ऊबदार हात म्हणजे त्यांच्या लेखी उंदीरच. मुलाच्या बाबांच्या मनगटावरचा चावा यातला नव्हता. वरून पंजा आला, पाठ धरली गेली, तिने शिकारी पक्ष्याला दिलं असतं ते उत्तर दिलं.

सगळे साप एकाच तऱ्हेने घाबरत नाहीत. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक, तोही मुलांचा आवडता, पिल्लू असताना शेपटी इतक्या वेगाने थरथरवतो की वाळल्या पाल्यात खुळखुळ्या सापासारखा आवाज येतो. धरला तर घाण वासाचा स्राव सोडतो. हॉगनोज नावाचा साप आधी मान चपटी करतो, नागाचा आव आणतो, तोंड मिटून खोट्या झेपा घेतो, आणि तरी समोरचा गेला नाही तर उताणा पडून जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग करतो. त्याला सुलटा करा, तो पुन्हा उताणा होतो. या सापाच्या नवजात पिल्लांवरचा एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. माणूस पिल्लाकडे टक लावून पाहत असेल तर पिल्लू उशिरा उठतं, माणसाने नजर दुसरीकडे वळवली तर लवकर उठतं, असं त्यात दिसलं. समोरचा आपल्याकडे बघतोय की नाही, हे अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लूही जोखतं. आता तुमची पेटी आठवा, सगळीकडून काच, आणि मुलाचे मित्र नाक लावून उभे.

सासूबाईंना समजावताना आपल्याकडच्या सापांचं उदाहरण द्या, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असतील. गारुड्याच्या पुंगीवर नाग डोलतो ते सुराने नव्हे. पुंगीचं टोक हलतं तसा तो आपला बचाव त्या टोकाकडे वळवत राहतो. काढलेला फणा हा घाबरलेल्या नागाचा इशारा असतो. शेताच्या बांधावरची घोणस कुकरच्या शिट्टीसारखी सूं करत राहते, ती ‘पाय टाकू नकोस’ म्हणून. कोकणातलं फुरसं अंगाची वळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. बिचारं मांडूळ तर डोकं लपवून बोथट शेपटीच पुढे करतं, आणि या बचावामुळेच त्याला दुतोंड्या ठरवून गुप्तधनाच्या नावाखाली त्याची तस्करी चालते. यातला एकही साप रागावून माणसाच्या मागे लागत नाही. अंतर मिळालं की निघून जातो.

आणि डूख. सूड उगवायचा तर कुणी, कधी, काय केलं हे मनात धरून त्या माणसाला शोधत जावं लागतं. सापाच्या डोक्यात तेवढी सोय नाही. पण साप काहीच लक्षात ठेवत नाही असंही नाही. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगांत कॉर्न स्नेक बाहेर पडायचं भोक कुठे आहे ते शिकले आणि दर खेपेला लवकर गाठू लागले. चकलीही शिकली आहे. पेटीचं झाकण उघडलं की वरून हात येतो, अर्धा तास सुटका नसते, एवढं तिला कळलंय. सासूबाईंना जे डूख वाटतं ते हे. त्यात तुमच्यासाठी आशाही आहे, कारण जे शिकता येतं ते नव्याने शिकताही येतं.

मुलाच्या बाबांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्यामागे एक तर्क आहे: आपण मागे हटलो तर ‘फुत्कारलं की माणूस पळतो’ हे ती शिकेल. शिकेलच. पण त्यावर उपाय म्हणून धरून ठेवलं तर काय होतं, ते माझ्या टेबलावर येणाऱ्या सापांत दिसतं. दमून साप फुत्कारणं सोडतो. भीती तशीच राहते, इशारे मात्र जातात. मग असा साप एक दिवस काही न सांगता थेट चावतो आणि घरचे म्हणतात, अचानक बिघडला. फुत्कारणारा साप मला त्याच्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. मागे हटायचंच नाही असं नसून, फुत्कारापर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही. जीभ थांबली, श्वास वाढला, तिथेच हात जागच्या जागी थांबवायचा, अंग सैल पडू द्यायचं, मग सावकाश बाजूला व्हायचं. त्यात हार-जीत काही नाही.

हातमोज्यांबद्दल एवढंच, की जाड कातड्यातून हाताला तिच्या अंगाचा ताण कळत नाही आणि आपण नकळत जास्त दाबतो. पेटी साफ करायला हलवायची वेळ आलीच तर ती ज्या आडोशाखाली बसली असेल तो आडोसा तिच्यासकट, खाली ताटली सरकवून उचला.

आता पेटी, कारण माझ्या मते निम्मी भीती तिथेच आहे. टीव्हीशेजारून हलवा. सापाला बाहेरचे कान नाहीत, पण जबड्याच्या हाडातून जमिनीची थरथर त्याला पोचते आणि खालच्या पट्टीतले आवाजही कळतात. स्पीकरशेजारी त्याला विसावा नाही. वर्दळ नसलेल्या खोलीत, कमरेच्या उंचीवर, भिंतीला लावून ठेवा. तीन बाजूंनी बाहेरून जाड कागद चिकटवा. दोन्ही टोकांना उघडा असलेला ओंडक्याचा बोगदा ही लपायची जागा नव्हे. एकच छोटं तोंड असलेले, आत गेल्यावर अंगाला चारी बाजूंनी टेकतील असे दोन आडोसे हवेत, एक उबेकडे आणि एक गारव्याकडे. एकच असेल तर तिला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं. मधल्या मोकळ्या जागेत खोटी पानं, चुरगाळलेला कागद, काहीही भरा. मुलाला वाटेल, मग ती दिसणार कशी? सुरुवातीला नाहीच दिसणार. आडोसे भरपूर असले की साप उलट जास्त वेळ बाहेर फिरतो, कारण केव्हाही आत शिरता येईल याची त्याला खात्री असते. संध्याकाळी दिवे मंद करून लांब बसून पाहायला सांगा.

हीट मॅटला थर्मोस्टॅट आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आजच बंद करा आणि आजच थर्मोस्टॅट आणा. मॅट एकटीच चालू राहिली तर काच इतकी तापते की पोट भाजतं, आणि साप तिथून उठेलच असं नसतं. उबेच्या बाजूला तीस ते बत्तीस अंश सेल्सियस, गार बाजूला चोवीस ते सव्वीस. मोजायचं ते जमिनीलगत, ती बसते तिथे. हवेतला ओलावा पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास, कात टाकायच्या दिवसांत थोडा जास्त.

कातेवरून आठवलं. फुत्कारायला लागली तेव्हा तिचे डोळे निळसर-दुधाळ झाले होते का? जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव साचतो, डोळ्यावरच्या पारदर्शक खवल्याखालीही साचतो आणि दिसेनासं होतं. ज्याला दिसत नाही तो अंगावर येणारच. त्या दिवसांत हात लावायचाच नाही. कात निघाली की ती तुकड्या-तुकड्यांत आली की अखंड, आणि डोळ्यांवरचे दोन गोल खवले तिच्यासोबत आले की नाही, हे मुलाने पाहायचं.

दुखण्यामुळेही साप असा वागतो, म्हणून काही गोष्टी तपासा. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगत असतील तर त्या गोचिडीसारख्या बारीक माइट्स. पोटाचे खवले तपकिरी, कडक किंवा फोड आल्यासारखे दिसले तर भाजलंय. तोंडाला बुडबुडे, नाकपुडीत चिकटा, मान वर ताणून तोंड उघडून श्वास, किंवा जवळ कुणी नसतानाही शिट्टीसारखा आवाज, ही छातीच्या संसर्गाची लक्षणं. घाबरलेला साप तुम्हाला पाहून फुत्कारतो, आजारी साप एकटा असतानाही वाजतो. आणखी एक विचारून घ्या, तिच्या रंगाच्या प्रकाराचं नाव काय. ‘स्पायडर’ हा मॉर्फ असेल तर त्या रंगासोबत तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचा जन्मजात दोष येतो, डोकं डुगडुगतं, झेप चुकते. त्याला शिकवून काही फरक पडत नाही, फक्त ताण कमी ठेवता येतो.

पाच आठवड्यांच्या उपासाने घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. ही जात उपासासाठी प्रसिद्धच आहे, मोठे अजगर कित्येक महिने तोंड लावत नाहीत. पिल्लाचं मात्र वजन पाहायचं. आठवड्यातून एकदा, ती आडोशात असताना आडोशासकट उचलून वेगळ्या काट्यावर ठेवा आणि आडोशाचं वजन वजा करा. पहिल्या वजनापेक्षा दहा टक्क्यांनी घटलं की डॉक्टर गाठायचे. पेटी बदलल्यावर आठवडाभर काहीच देऊ नका. मग संध्याकाळी, तिच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा एक फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवून, कोमट पाण्यात पिशवीसकट ऊबदार करून, लांब चिमट्याने पुढे करा. हाताने नाही. नाही घेतला तर आडोशाच्या तोंडाशी ठेवून दिवा मालवून निघून जा. सकाळी तसाच असेल तर टाकून द्या आणि पुढचे आठ-दहा दिवस पुन्हा विचारू नका. रोज नाकासमोर उंदीर नाचवणं हाही छळच आहे. जिवंत उंदीर तर कधीच नको; घाबरलेला उंदीर सापाला कुरतडतो, त्याच्या जखमा वाईट असतात.

हात लावायला परत सुरुवात केव्हा? तिने ओळीने तीन वेळा खाल्लं की. महिना लागेल, दोनही लागतील. तोवर मुलाने रोज ठरलेल्या वेळी पाणी बदलायचं, घाण झालेली जागा तेवढी काढायची आणि निघून जायचं. झाकण उघडलं तरी वरून पंजा येत नाही, हे तिला कळायला हेच दिवस लागतात. मग एके संध्याकाळी, खाऊन दोन दिवस उलटून गेल्यावर (पोटात उंदीर असताना उचलली तर ओकून टाकते), हात धुऊन, कागदाच्या गुंडाळीने तिच्या अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करायचा. जेवण नाही, माणूस आलाय, ही सूचना. हात बाजूने, खालच्या पातळीवरून न्यायचा, डोक्यावरून कधीच नाही. मधल्या भागाखाली तळवा सरकवून उचलायचं, दुसऱ्या हाताने मागच्या अंगाला आधार द्यायचा. मान धरायची नाही, मुठीत आवळायचं नाही, तिला एका हातावरून दुसऱ्या हातावर चालू द्यायचं. पाच मिनिटं पुरे. ती निवांत असतानाच परत ठेवायची, वैतागेपर्यंत थांबायचं नाही. आठवड्यातून दोनदा. वेटोळं केलं तर ते ‘नको’ आहे असं समजून परत ठेवायचं. अशा रीतीने बहुतेक रॉयल पायथन माणसाळतात, म्हणजे हाताची त्यांना सवय होते. त्याला तुमच्या मुलाचा लळा लागेल असं आश्वासन मी देणार नाही. पण एखादा साप आपल्या हातावर अंग सैल सोडून जीभ काढत सावकाश फिरतो, तेव्हा त्याला तिथे भीती वाटत नाही हे खरं असतं, आणि चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या धीराने ते मिळवलं तर ती मोठी कमाई आहे.

मुलाशी बोला. तो रडतोय ते चावण्याच्या भीतीने जेवढं, तेवढंच आपल्या सापाला आपण आवडत नाही म्हणून, असा माझा अंदाज आहे. त्याला सांगा, तुझं काही चुकलेलं नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला एक वही द्या. वजन, कात, खाल्लं-नाही खाल्लं, जीभ कशी होती, लांब बसून पाहिलेलं सगळं त्याने लिहावं.

बागेत सोडायचं नाव काढू नका. लेस्टरच्या गारठ्यात आफ्रिकेचा साप जगणार नाही, आणि इंग्लंडमध्ये बाहेरचा प्राणी मोकळा सोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. शिवाय २००६च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलाचा प्राणी असला तरी जबाबदारी त्याच्या पालकांची. कागदोपत्री चकली तुमची आहे, ताई. हा साप वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली वयाच्या साठीनंतर अंडी घातली होती. मुलगा कॉलेजला जाईल तेव्हा पेटी घरीच राहील. हे सगळं ऐकून तुम्हा दोघांना मनापासून नको वाटलं तर आरएसपीसीए या प्राणी कल्याण संस्थेकडे किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रेस्क्यू संस्थेकडे रीतसर द्या. त्यात कमीपणा नाही. मला विचाराल तर सहा महिने वरच्यासारखं करून पाहा, मग ठरवा.

सासूबाई यायच्या आधी घरातल्या दोन सवयी बदला. सापाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, तो निरोगी दिसत असला तरी. पेटीला, पाण्याच्या भांड्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि त्यातलं काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. उंदीर गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत, म्हणून ते जेवणाच्या फ्रीजरमध्ये उघडे नकोत. घट्ट झाकणाचा वेगळा डबा, जमल्यास वेगळा छोटा फ्रीजर. सासूबाईंना मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर त्यांनी आणि पाच वर्षांखालच्या पाहुण्या मुलांनी सापाला हात लावू नये. त्यांच्या खोलीत पेटी नको. पेटीला कुलूप हवंच, ते नुसतं त्यांच्या समाधानासाठी नाही. अजगर झाकण डोक्याने ढकलून सहज निघतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेच्या सुट्टीत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, तुम्ही कराडला जाणार असाल तर मुलाला निघण्याआधीच बजावून ठेवा की तिथे कुठल्याही सापाला हात लावायचा नाही, काठीनेही नाही. उसाच्या पट्ट्यातली घोणस जाड, सुस्त आणि साखळीच्या नक्षीची असते. भल्याभल्यांना ती अजगराचं पिल्लू वाटते, आणि ज्याने घरी अजगर हाताळलाय तो मुलगा तर बेधडक हात घालेल. तिचा चावा जीवघेणा असतो. मण्यार तर बऱ्याचदा रात्री झोपेतच चावते, इशारा मिळतच नाही. चकलीकडून शिकलेले इशारे तिथे कामाचे नाहीत. साप दिसला की लांब व्हायचं, मोठ्यांना सांगायचं, महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. आणि कुणाला चावलाच तर बांधाबांध, कापाकापी न करता सरळ प्रतिविष असलेलं रुग्णालय. आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हेही त्याला कळू द्या, नाहीतर आजोळहून एखादा आणावासा वाटेल.

महिनाभराने वहीतल्या वजनाच्या नोंदी आणि बदललेल्या पेटीचा फोटो मला पाठवा. पोटाच्या खवल्यांचा फोटो मात्र याच आठवड्यात हवा. ती काचेला पोट टेकवून वर चढते तेव्हा बाहेरूनच काढा, त्यासाठी तिला उचलू नका. त्यात डाग दिसले तर माझ्या उत्तराची वाट न पाहता सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या व्हेटची वेळ घ्या. सगळे व्हेट साप पाहत नाहीत, म्हणून फोन करून आधी विचारून घ्या.